मागं वळून

माहूरच्या पायऱ्या चढताना साखराबाई दम खात खात लेकाला रेणुकामायची कथा सांगत होती. "मेलेली आई जमिनीतून परत येणार व्हती, बाबा. तवर मागं वळून बघू नको, म्हणून परशुरामाला बजावलं व्हतं. पण त्याला कुठला धीर! वळला, अन् आईचं नुसतं तोंडच वर आलं."

"मी असतो तर वळलोच नसतो, माय," भुजंग म्हणाला. साखराबाईनं तिथंच कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

दर्शन झाल्यावर त्यानं तिला देवळामागच्या ओट्यावर बसवलं. तिच्या सगळ्या लुगड्यांचं बोचकं शेजारी ठेवलं अन् "तांबूल घेऊन आलोच" म्हणून निघाला.



भुजंग शब्दाला जागला. भोकरची जीप सुटेपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.