एकेक अक्षर

दिवसभरातली ती सतरावी तपासणी होती आणि समोरच्या खुर्चीत तिचे स्वतःचे बाबा बसले होते. पडद्यावर ‘कसरत’ क्षणभर चमकून गेलं. मग ‘तरसक’.

“दोन्हींतलं तिसरं अक्षर सांगा.”

“आधी र, मग स.”

बाबांचं एकही उत्तर चुकलं नाही, तरी शेवटी वेळेचे आकडे तिने पुन्हा एकदा पाहिले. खऱ्या शब्दातलं अक्षर माणूस चटकन ओळखतो, निरर्थक शब्दातलं उशिरा. अर्थाचा हात धरून वाचायची सवय असते. बाबांना मात्र दोन्हीकडे सारखाच वेळ लागला होता. हल्ली ते फार विसरतात म्हणून तर तिने त्यांना इथे आणलं होतं. शब्दांचे अर्थच पुसले जात असतील तर?

“बाबा, कसरत म्हणजे काय हो?”

“या वयात तुझ्या ऑफिसचे तीन जिने चढणं.”

ती कितीतरी दिवसांनी हसली. “मग हे असं कसं आलं?”

“अगं, चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. अर्थात गुंतलं की चूक निसटते. म्हणून ओळ शेवटाकडून धरायची आणि एकेक अक्षर बघत मागे यायचं.”

“म्हणजे एवढं सगळं तपासलंत, पण वाचलं नाहीत?”

“घरी आणून सावकाश वाचायचो की.” बाबा टेबलाखाली पायाने चपला चाचपू लागले. “तुझी आई गेल्याची बातमीसुद्धा मीच तपासली होती. एक चूक राहू दिली नाही. तेवढी मात्र अजून वाचलेली नाही.”