सुटे तुकडे

खेळणी दुरुस्त करून करून मिस्तरीचे डोळे शिणले होते. भर दुपारी एक म्हातारी आली आणि तिने टेबलावर रंग जुळवायचा चुंबकी क्यूब ठेवला.

“ह्यातली चुंबकं काढून टाका, दादा. हा फिरवत बसणारे आमचे हे गेले, तरी हा आपला आपोआप फिरतोच आहे. जीव नुसता विटलाय.”

असल्या क्यूबला मधला सांगाडा नसतो; तुकडे आतल्या चुंबकांमुळेच एकमेकांना धरून राहतात. मिस्तरीने जोर लावून एकेक तुकडा सुटा केला, उघडून पाहिला. सगळे पोकळ होते.

“आजी, यात चुंबक नाहीच.”

“मग धरून कोण ठेवतंय?”

मिस्तरीने एक तुकडा पुन्हा उजेडात धरून पाहिला. म्हातारीने थकून टेबलावर हात टेकला. तुकडे सावकाश सरकत आले आणि तिच्या बोटांना बिलगले.

तिने हात ओढला. तो सुटेना.