चांदण्यासाठी निळा

कमळाकरांनी निळा जिलेटिन कागद पेटीत टाकला, झाकण लावलं आणि ते पेटीवरच बसले.

"काका, चांदण्याचा प्रवेश आहे," जितेश म्हणाला. "पिवळा अंबर कशाला? चंद्राला हळद लागलीय काय?"

"अंबर लावू, नायतर गुलाबी. निळा लागणार नाय."

रोह्याच्या शाळेतला हॉल भरदुपारी खिडक्या लावून अंधारा केला होता. जत्रेतल्या संगीत नाटकाची रंगीत तालीम संध्याकाळी होती. त्याआधी दिव्यांवर लावायचे रंगीत कागद ठरवायचे होते. कमळाकर दर वर्षी पेणहून दिवे घेऊन येत, जितेश नाटक बसवायचा. नायिकेची पदं कमळाकरांची बायको चंद्रावती गायची. ती गेल्या वर्षी गेली. यंदा तिच्या जागी मुलगी उभी होती, मृणाली.

रंगमंचावरच्या खुणेवर उभी राहून ती एकेक रंग अंगावर घेत होती. अंबर आला की बाबांचा चेहरा सैल पडायचा. त्याचं कारण तिला ठाऊक होतं.

नाटकाआधी याच दिव्यांखाली जत्रेचं मंडळ बाबांचा सत्कार करणार होतं. आणि बाबांना आईचंच दुखणं झालं होतं.

पेणच्या डॉक्टरांकडे ती त्यांच्याबरोबर गेली होती. बाबांना सुईची धास्ती. आधी तू रक्त दे, मग मी देतो म्हणाले, तेव्हा तिने हसून हात पुढे केला. निकाल आणायला ते एकटेच गेले. आले ते चपला न काढता ओटीवर बसले.

"तुझ्या आयेचंच दुखणं हाय गो मला," ते म्हणाले. "जत्रा झाली की मुंबईला जाऊ. तू संगती चल. कुणाकडं बोलू नको."

त्यानंतर तिच्या जिभेची चवच गेली. काळजीने माणसाचं असं होतं, हे तिने आईच्या वेळी अनुभवलं होतं. बाबांनी तिला हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यातूनही घरी बसवलं. मला आता घरात कुणीतरी लागेल, म्हणाले. कारखान्यात ती पितांबर रंगवायची. तो पिवळा हातांच्या रेषांत मुरला होता आणि रॉकेलने घासूनही निघत नव्हता. आज हॉलच्या दारातच जितेशने विचारलं होतं, गणपती सोडून स्वतःलाच रंगवत बसलीस काय.

रोज सकाळी ती चोरून बाबांचे डोळे बघायची. आईचे आधी डोळेच पिवळे झाले होते. बाबांचे अजून पांढरे होते, तेवढाच धीर.

आईला शेवटपर्यंत अशक्तपणा म्हणूनच सांगितलं होतं. तिला आपला रंग दिसू नये म्हणून बापलेकीने आरसा न्हाणीतल्या मिणमिणत्या बल्बखाली हलवला होता. तो अजून तिथेच होता.

रंगांचं तिला बाबांनीच शिकवलं होतं. ती लहान असताना त्यांनी आईची पिवळी साडी निळ्या दिव्यात धरली, ती हिरवी झाली. अंबर सगळ्यांना सारखं करतो, ते म्हणाले होते, पण निळ्यात पिवळं लपत नाय.

म्हणूनच आज निळा पेटीत होता. सत्काराला उभं राहिल्यावर गावाने कुजबुजू नये, एवढंच त्यांना हवं असणार. तिलाही तेच हवं होतं.

जितेश ऐकेना. लोकांना केबलवर रंगीत चांदणं बघायची सवय लागलीय, म्हणाला. पिवळं दाखवलं तर पहिल्या अंकाला उठून जातील.

"जितूदादा, राहू दे ना," मृणाली म्हणाली. "अंबरच बरा दिसतो."

"तू बापाचीच बाजू घेणार."

कमळाकर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात दिवे गेले. व्हरांड्यात फ्यूज उडाला होता. कमळाकर चाचपडत बाहेर गेले. अंधारात पेटीचं झाकण करकरलं.

"जितूदादा, नको."

"एकदाच बघू. काका रागावले तर मी आहे ना."

खाली उतरून त्याला अडवावं, तर पायऱ्या दिसत नव्हत्या. जिलेटिन दिव्याच्या चौकटीत सरकल्याचा आवाज आला. आता फ्यूज लागला की बाबा आत येणार, उजेडात येणार, आणि जितेश बघणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या रोह्यात बोभाटा होणार.

दिवा लागला. रंगमंचावर चांदणं पडलं.

कमळाकर दारात आले आणि जागीच थबकले.

"बंद कर तो."

"काका, बघा तरी किती—" जितेशचा हात दिव्यावरच राहिला.

कमळाकर धावत निघाले. खुर्च्यांना अडखळत, खांद्यावरचा टॉवेल ओढून काढत ते थेट उजेडाकडेच येत होते.

"बाबा, इकडे येऊ नका," ती म्हणाली. "तिथेच थांबा."

ते थांबले नाहीत. वर चढले आणि तिच्यासमोर उभे राहिले. तिने भीत भीत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो निळसर होता, मागच्या पडद्यासारखा, जितेशच्या चेहऱ्यासारखा. तसेच निळसर हात घाईघाईने तिच्या हातांभोवती टॉवेल गुंडाळत होते.

जितेश बाबांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

मृणालीने खाली पाहिलं. टॉवेल कोपरापर्यंतच पुरला होता. त्याच्या वर, पितांबराचा रंग कधीच न पोचलेले तिचे दंड हिरवे दिसत होते.