टाकीचं पाणी

"टाकीच्या पाण्याला वास येतोय," कस्तुरी म्हणाली आणि सभेतल्या सगळ्याजणी तिच्याकडे पाहू लागल्या. बोललीस का बये, असा भाव त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

शहराच्या बनशंकरी भागातल्या त्या वसतिगृहात ना रेक्टर, ना शिपाई. मुलीच सगळं चालवायच्या. दर रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती सभा भरायची, हात वर करून ठराव व्हायचे. एक नियम मात्र सगळ्या ठरावांच्या वर होता: तक्रार जी मांडेल, तिनंच ती निस्तरायची. त्यामुळे त्या घरात सहसा कुणाची काही तक्रारच नसे.

"सिद्धीला दवाखान्यात ठेवून आले," कस्तुरी पुढे म्हणाली. ती निपाणीची. सिद्धी तिच्याच खोलीत राहायची. "सलाईन लावलंय. पाण्यातनंच झालंय म्हणाले डॉक्टर. आम्ही दोघी नळाचंच पितो की."

"अगं, पण नळाचं कशाला पीत होतात?" मैत्रेयी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

कस्तुरीनं टेबलावर नजर फिरवली. प्रत्येकीपुढे विकतच्या पाण्याची बाटली होती. गेले काही दिवस रोजच असायची. पैसेवाल्या पोरी, पीत असतील, असं तिला वाटलं होतं.

"स्मिताक्का, तुम्हाला सगळ्यांना म्हाईत होतं?"

"बेसिकली, कुणीतरी इश्यू रेज करायला हवा होता," अध्यक्ष स्मिता म्हणाली. "थँक्स, तू केलास. मग टाकीचं काम कस्तुरीकडे. सगळ्यांना मान्य?"

भराभर हात वर गेले. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्यांचेसुद्धा.

गच्चीवर टाकीचं झाकण सरकलेलं होतं. आत कबुतर होतं; म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. पाण्यावर पिसं आणि तेलकट साय. कस्तुरी कठड्याला धरून भडभडून ओकली. सिद्धीला काल ताप चढला, तेव्हा याच पाण्याचे पेल्यावर पेले तिनं स्वतःच्या हातानं पाजले होते. मग तिनं हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि ते कबुतर बादलीत काढलं. पिशवी मध्येच फाटली. कबुतर बिचारं मेलं होतं, त्याला काय बोलणार. तिला शिसारी आली ती खालच्या टेबलाची.

ती बादली घेऊन खाली आली तेव्हा डबे उघडले होते.

"शी! जेवतोय ना आम्ही," स्मितानं नाकाला ओढणी लावली. "आधी हात धुऊन ये."

"कुठल्या पाण्यानं?" कस्तुरीनं विचारलं.

टेबलावरच्या बाटल्या एकेक करून खाली गेल्या, जिच्या तिच्या मांडीत.