जवळच्या माणसाचा आवाज

“वहिनी, परत विचारा. सावकाश,” डॉक्टर म्हणाले.

काचेपलीकडे मेंदू तपासणारं यंत्र धडधडत होतं. आत तिचा नवरा डोकं पिंजऱ्यात अडकवून निपचित पडला होता. जिन्यावरून पडल्याला सात महिने झाले. डोळे उघडे, पण हूं नाही की चूं नाही.

बायकोनं माईक तोंडाशी धरला. “अहो, आपल्याला दोन मुली आहेत ना? हो असेल तर बॅडमिंटन खेळताय असं मनात आणा. नाही असेल तर आपल्या घरात फिरा, एकेका खोलीतून.”

खेळण्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या एका कोपऱ्यात रक्त धावतं आणि पडद्यावर तो कोपरा तांबडा होतो. घर आठवलं की दुसरा कोपरा. साधी युक्ती. एकोणीस रुग्णांपैकी तिघांनी अशी उत्तरं दिली होती. हा गडी मात्र ताकास तूर लागू देत नव्हता.

अर्धं मिनिट गेलं. पडदा राखाडीच.

ही सहावी तपासणी. डॉक्टर वैतागले होते, यंत्रावर, स्वतःवर आणि खरं सांगायचं तर त्या पडलेल्या माणसावरही. आज काही दिसलं नाही तर त्याचं नाव उपचारांच्या यादीतून कटणार. मग व्यायाम बंद, उपचार बंद. नुसतं भरवायचं आणि कुशीवर वळवायचं. जाणीवच नाही म्हटल्यावर कोण मेहनत घेणार?

“पडले त्या दिवशी घरी काही झालं होतं का?”

“काही नाही. घरात शांतता होती. बरेच दिवस.” तिनं चष्मा पुसला.

प्रश्न जवळच्या माणसानंच विचारायचे, हा नियम डॉक्टरांनी स्वतः घातला होता. आपल्या माणसाचा आवाज झोपलेल्या मेंदूलाही हलवतो, असं ते ज्याला त्याला पटवून द्यायचे.

त्या दिवशी दहाव्यांदा विचारताना तिचा घसाच बसला. पाणी प्यायली, तरी आवाज फुटेना. वेळ संपत आलेली. डॉक्टरांनी हात टेकले आणि माईक आपल्याकडे ओढला. नियम गेला खड्ड्यात.

“तुम्हाला दोन मुली आहेत का?”

खेळाचा कोपरा तांबडाभडक झाला.

डॉक्टरांचा विश्वास बसेना. “तीन मुलगे आहेत?” आता घराचा कोपरा. चूक नाही, योगायोग नाही. माणूस आत होता, शाबूत होता.

बायको रडत माईककडे झेपावली. घशातून कसाबसा आवाज निघाला. “अहो, मी बोलतेय. माझं ऐकू येतंय ना?”

राखाडी.

डॉक्टरांनी आवाजाचं बटण तपासलं. ठीक होतं. त्यांनी माईक परत घेतला. “आत्ता तुमची बायको बोलली, ते ऐकू आलं?”

खेळाचा कोपरा तांबडा.

“इतके दिवस विचारत होती, तेही?”

पुन्हा खेळाचाच कोपरा.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्यांनी विचारलं, “तिच्याशी बोलायचंय तुम्हाला?”

डॉक्टर पडद्याकडे वळले. मग तो माणूस आपल्या घरात फिरू लागला, एकेका खोलीतून.