तिसरी ओळ

पवनीजवळच्या त्या शाळेत रुचिका मॅडम संगीत शिकवायला नवीनच आल्या होत्या. प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीला त्यांची पेटी वाजत राहायची, पोरं मात्र रोज गप्प.

"थे ओळ हर्षा एकटीच गाये, मॅडम," चौथीतल्या एका मुलीनं सांगितलं. "मागच्या साली तलावात बुडाली थे."

मॅडमना वाईट वाटलं, पण असं तुटलेलं गाणं त्यांना ऐकवेना. आठवडाभर घोटून त्यांनी ती ओळ सगळ्यांकडून बसवून घेतली. सोमवारी प्रार्थना पहिल्यांदाच सलग झाली.

फाटकाशी हर्षाची आई, ललिताबाई, उभी होती. धानाच्या रोवण्याला जाताना ती प्रार्थनेपुरती रोजच तिथं थांबायची.

 

"मॅडम, आज माह्या पोरीले काहून गाऊ नाही देलं?"