झिजलेली जागा

नवऱ्याच्या एकचाकी सायकलीचा टायर एकाच जागी, तळहाताएवढा, गुळगुळीत झाला होता. बाकी नक्षी शाबूत होती. पेडल थेट चाकालाच जोडलेलं असतं, त्यामुळे चढताना दर वेळी टायरचा तोच भाग जमिनीला टेकतो. म्हणजे तो चालवण्यापेक्षा पडून पुन्हा चढतच जास्त होता.

"आज मैदानाला फेऱ्या झाल्या का?" मी विचारलं.

"भरपूर, बाईसाहेब. हवा काढून टायर जरा फिरवून बसव, उद्या दोघं जाऊ." त्याच्या हातातला कप बशीवर किणकिणत होता.

कंप वाढला की सायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून आम्ही दोघंही तो विषय टाळत होतो.

मी हवा सोडली. मग शेजारच्या माझ्या सायकलीचीही सोडली.

"उद्यापासून पायीच जाऊ," मी म्हणाले.